पद्मिनी ‘ओव्हर’ होतेय? कार्ब उघडण्याआधी पेट्रोलचा दाब मोजा

जुनी पद्मिनी किंवा फियाट ११०० सांभाळणाऱ्याला हे दुखणं कधी ना कधी गाठतंच. सकाळी सेल्फ मारला की गाडी लागते, दोन मिनिटं नीट चालते, मग आयडलिंगला गचके खायला लागते. सायलेन्सरमधून काळा धूर येतो, बॉनेट उघडलं की पेट्रोलचा भपकारा येतो, कार्बोरेटरचं, म्हणजे इंजिनसाठी हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचं, बूड ओलं झालेलं असतं. गॅरेजच्या भाषेत, गाडी ओव्हर होतेय, म्हणजे इंजिनात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जातंय. त्यावरचा इलाजही ठरलेला. कार्ब उतरवायचा, धुवायचा, नवं दुरुस्ती किट टाकायचं. आठवडाभर बरं चालतं आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

किटमध्ये खोट असतेच असं नाही. पण पेट्रोल किती दाबाने कार्बपर्यंत येतंय, हे शंभरातल्या नव्वद गॅरेजांत कोणी मोजत नाही, कारण दाब मोजायचं घड्याळच तिथे नसतं. ओव्हर होणं ही दोन बाजूंची झटापट आहे. एका बाजूला पंपाचा दाब, दुसऱ्या बाजूला कार्बमधला तरंगता फ्लोट आणि त्याची सुईसारखी झडप, म्हणजे नीडल. कोण चुकतंय ते कळल्याशिवाय कार्बला पाना लावण्यात अर्थ नाही. या लेखातला सगळा क्रम त्यासाठीच आहे.

उदाहरण पद्मिनीचं घेतलंय, कारण आपल्याकडे अजून हाताशी असलेल्या जुन्या गाड्यांत तिची संख्या मोठी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ पासून निघालेल्या फियाट ११०० डिलाइटचीच ती पुढची आवृत्ती. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, कॅमशाफ्टवर चालणारा डायफ्रामचा (लवचिक पडद्याचा) पेट्रोल पंप आणि बहुतेक गाड्यांवर एक नळीचा, सोलेक्स बनावटीचा कार्ब. मुंबईत पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २०२३ मध्ये संपली, पण खासगी गाड्या पुण्या-मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात अजून धावताहेत. अँबेसेडरवाल्यांनाही यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू पडेल.

आत नेमकं काय होतं

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बॉल असतो, पाणी वर आलं की तो वर येतो आणि कॉक बंद करतो. कार्बच्या फ्लोट चेंबरमध्ये तेच घडतं. पेट्रोल वर आलं की फ्लोट उचलला जातो, तो नीडलला वर ढकलतो आणि नीडलचं टोक सीटच्या छिद्रात बसून पेट्रोल थांबतं. वरून पंप खाली ढकलतोय, खालून फ्लोट वर ढकलतोय.

आता थोडं गणित करू. समजा सीटचं छिद्र १.५ मिलिमीटरचं आहे. ३ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाला नीडलवर पडणारं ओझं जेमतेम पावणेचार ग्रॅमचं. दाब ६ पीएसआय झाला की साडेसात ग्रॅम. छिद्रच २ मिलिमीटरचं असेल तर ३ पीएसआयलाही साडेसहा ग्रॅम होतात. ग्रॅम ऐकून कोणी हसेल, पण फ्लोटच्या हातात तरी काय असतं? पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे त्याची उचलही कमी. वाढलेल्या ओझ्याला पुरे पडायला फ्लोटला पेट्रोलमध्ये आणखी बुडावं लागतं, म्हणजेच चेंबरमधली पातळी वर चढते. फ्लोटच्या दांडीची तरफ दुप्पट ताकद देते आणि फ्लोटचा तळ दहा चौरस सेंटिमीटरचा आहे असं धरलं, तर दाब ३ वरून ६ वर गेल्याने पातळी दोन-अडीच मिलिमीटर वर येते. मेन जेटची, म्हणजे मुख्य पेट्रोल पुरवणाऱ्या छिद्राची, नळी पातळीच्या थोडीच वर उघडते. तेवढ्या चढाने पेट्रोल आपोआप व्हेंचुरीत, म्हणजे कार्बच्या हवेच्या अरुंद वाटेत, गळू लागतं. नीडल, फ्लोट, जेट, सगळं चोख असूनही गाडी ओव्हर होते.

म्हणून डायफ्राम पंपावर चालणाऱ्या अशा कार्बला साधारण २ ते ३.५ पीएसआय दाब पुरे. मेट्रिक घड्याळावर तो ०.१४ ते ०.२५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दिसेल. आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा दिला असेल तर तोच खरा धरा.

‘दाब कमी झाला तर घाटात पेट्रोल कमी पडेल’, ही भीती मेकॅनिक हमखास घालतात. चाळीसेक हॉर्सपॉवरचं हे इंजिन पूर्ण ताकदीवर तासाला पंधरा-सोळा लिटरच्या आसपास पेट्रोल पितं, म्हणजे मिनिटाला पाव लिटरहून थोडं जास्त. धडधाकट डायफ्राम पंप ३ पीएसआयला एवढं सहज देतो. कमी पडण्यामागे चोंदलेला फिल्टर, टाकीतला गाळ किंवा सक्शनच्या बाजूने आत येणारी हवा असते, दाब नसतो.

हात लावण्याआधी

हे काम उघड्यावर करा, बंद गॅरेजात किंवा सोसायटीच्या बेसमेंटमध्ये नको. कोरड्या पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा, डिकीत नको. पेट्रोल लाइन सोडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. जेव्हा इंजिन चालू न करता नुसता सेल्फ मारायचा असेल, तेव्हा कॉइलची जाड वायर डिस्ट्रिब्युटरमधून काढून ब्लॉकला घट्ट अर्थ करा. पिवळ्या बल्बचा हँडलॅम्प वापरू नका, फुटला तर भडका उडतो. एलईडी टॉर्च घ्या.

गाडी खूपच ओव्हर झाली असेल, रात्रभर पेट्रोल गळत राहिलं असेल, तर सेल्फला हात लावू नका. एखादा सिलिंडर पेट्रोलने भरलेला असेल आणि तुम्ही सेल्फ मारलात, तर पेट्रोल दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी चारही प्लग काढा, मग गाडी गिअरमध्ये ठेवून पुढेमागे ढकला आणि पेट्रोल बाहेर पडू द्या.

मग ऑइलची पट्टी काढून वास घ्या. ही दोन सेकंदांची तपासणी बहुतेक जण विसरतात. ऑइलची पातळी वर चढलेली, ऑइल पातळ आणि त्याला पेट्रोलचा वास, असं असेल तर इंजिन चालू करायचं नाही. ऑइल बदलूनच पुढे जायचं, नाहीतर बेअरिंगची वाट लागते. इथे आणखी एक धागा हाती लागतो. ऑइलमध्ये पेट्रोल दोन वाटांनी येतं. एक, कार्बमधून सिलिंडरमध्ये आणि तिथून रिंगांवरून खाली. दुसरी, पंपाचा डायफ्राम फाटला तर थेट क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या ऑइलच्या भागात. प्लग कोरडे आणि ऑइलला मात्र वास, असं असेल तर संशय पंपावर. ज्या पंपाच्या अंगाला खालून बारीक छिद्र असतं, त्यातून पेट्रोल झिरपत असेल तर पुरावाच मिळाला.

पहिली पायरी: नुसतं बघा

एअर फिल्टरचा डबा काढा. फिल्टर धुळीने माखलेला असेल तर गाडी रिच (हवेच्या मानाने जास्त पेट्रोलवर) चालते, प्लग काळे पडतात आणि माणूस त्याला ओव्हर समजतो. फिल्टर काढल्यावर धूर कमी झाला तर तुमचं काम फिल्टरच्या किमतीत झालं.

चोक तपासा. सोलेक्सच्या बऱ्याच कार्बवर चोकचा पडदा नसतो. बाजूला एक लिव्हर असते आणि तिच्यामागे फिरणारी चकती, तिला स्टार्टर म्हणतात. डॅशबोर्डवरचा खटका पूर्ण आत ढकलला तरी गंजलेल्या केबलमुळे ही लिव्हर मधेच अडकून राहते आणि गाडी दिवसभर अर्ध्या चोकवर धावते. लिव्हर हाताने शेवटपर्यंत मागे जातेय का, ते पाहा. जात असेल तर केबल बदला, कार्बला हात लावू नका.

आता इंजिन चालू करा, गरम होऊ द्या आणि आयडलिंगला कार्बच्या तोंडातून आत पाहा. तोंड थेट वर नेऊ नका, बॅकफायर झाला, म्हणजे कार्बच्या तोंडातून उलटी ज्वाळा आली, तर भुवया जातील. छोटा आरसा आणि टॉर्च पुरे. आयडलिंगला मेन नळीतून एक थेंबही पडता कामा नये, कारण तेव्हा पेट्रोल थ्रॉटलच्या पडद्याजवळच्या बारीक छिद्रातून जातं. नळीच्या टोकाशी थेंब जमतोय, फुगतोय आणि टपकतोय, असं दिसलं तर पातळी नक्की चढलेली आहे. इंजिन बंद करून पाहत राहा. टपकणं दोन-चार सेकंदांत थांबलं तर पातळी थोडीच जास्त आहे. अर्धा मिनिट झाला तरी थांबत नसेल तर नीडल बंदच होत नाही, किंवा मागून दाब तिला बसू देत नाही.

नळी कोरडी आहे पण कार्ब बाहेरून ओला, असं असेल तर वाट वेगळी. एक्सलरेटर पंपाचा (पेडल दाबल्यावर जादा पेट्रोल टाकणाऱ्या कार्बमधल्या छोट्या पंपाचा) डायफ्राम फाटला की पेट्रोल बाजूच्या झाकणातून ओघळतं. वरच्या झाकणाचं पॅकिंग गेलं, किंवा झाकणाचे स्क्रू जास्त आवळल्याने झाकण वाकलं, तरी सांध्यातून पाझर येतो. सपाट काचेवर ठेवलेला सँडपेपर आणि झाकण गोल गोल घासण्याची तयारी असेल तर हा दोष घरी सुधारता येतो.

एक फसवा प्रकार राहिला. प्लग ओले, गाडी लागत नाही, वास येतोय, तरी कार्ब निर्दोष असतो. स्पार्क कमजोर असतो. डिस्ट्रिब्युटरमधले, ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट जळलेले, त्यांच्या जोडीचा कंडेन्सर गेलेला. जळलं नाही ते पेट्रोल प्लग भिजवणारच. नळी कोरडी असताना प्लग ओले मिळाले तर आधी पॉइंट आणि कंडेन्सर पाहा.

दुसरी पायरी: घड्याळ लावा

लागेल एवढंच. ० ते १० किंवा ० ते १५ पीएसआयचं घड्याळ, एक टी जोड, दोन फूट पेट्रोलची नळी आणि चांगल्या क्लिपा. टायरची हवा मोजायचं घड्याळ चालत नाही, त्याच्या शंभरच्या मोजपट्टीवर ३ पीएसआय दिसतही नाही. मुंबईत ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या गल्ल्यांत, पुण्यात नाना पेठेत व्हॅक्युम आणि पेट्रोल दाब दोन्ही दाखवणारं घड्याळ मागा. कार्बच्या दुरुस्तीवर जुन्या गाडीचा मालक जेवढे पैसे उडवतो, त्यापुढे ते स्वस्तच पडतं.

टी जोड पंप आणि कार्ब यांच्या मध्ये लावा, शक्यतो कार्बच्या अगदी जवळ. पंपाच्या आधी, म्हणजे टाकीच्या बाजूला लावलात तर दाब नाही, ओढ मोजाल. घड्याळ कार्बच्या उंचीला धरा, नळी पंख्यापासून आणि एक्झॉस्टपासून लांब बांधा. सगळं जोडून झाल्यावर इंजिन चालू करताच एक फेरी मारा आणि प्रत्येक सांध्यावर कोरडा टिश्यू लावून पाहा.

आयडलिंगला आकडा लिहून ठेवा. मग रेस देऊन दोन-अडीच हजार आरपीएमला लिहा. काटा थोडा थरथरतो, डायफ्रामच्या प्रत्येक ठोक्याला हलतो. ते ठीक आहे.

आकडा काय सांगतो ते असं. दोन्ही वेळा २ ते ३.५ च्या आत असेल तर पंप निर्दोष, खालच्या टिकाव चाचणीकडे वळा. आयडलिंगला ४.५-५ च्या वर असेल तर कार्ब उघडायचाच नाही, दोष आधी इथे आहे. काटा शून्याजवळ घसरतोय, मधेच उसळतोय, नळीत बुडबुडे दिसताहेत, तर पंप हवा ओढतोय. अशा गाडीला ओव्हर म्हणणारे असतात, पण तिला पेट्रोल कमी पडतंय.

टिकाव चाचणी माझ्या मते या सगळ्यात सर्वांत कामाची आहे. इंजिन बंद करा आणि काट्यावर नजर ठेवा. पंपातली स्प्रिंग आतल्या पेट्रोलवर रेटा देत राहते, त्यामुळे चांगल्या गाडीत काटा काही मिनिटं टिकतो, हळूहळूच उतरतो. तो झटकन पडला तर पेट्रोल कुठेतरी निसटतंय. पुढे कार्बमध्ये, की मागे टाकीकडे? टी आणि कार्ब यांच्यामधली नळी नवी आणि मऊ असेल तर तिला कापडाच्या पट्टीवरून चिमटा लावा, इंजिन क्षणभर चालवून पुन्हा दाब चढवा आणि बंद करा. चिमट्यावर काटा टिकतो आणि चिमटा काढताच पडतो, तर नीडल गळतेय. चिमटा असूनही पडतो, तर पंपाची झडप गळतेय. जुन्या कडक नळीला मात्र चिमटा लावू नका, तडा जाईल.

ही चाचणी एकदा थंड आणि एकदा चांगल्या तापलेल्या इंजिनवर करा. गरम इंजिन बंद केल्यावर नळीत अडकलेलं पेट्रोल तापून फुगतं, त्यामुळे सुरुवातीला काटा वर चढताना दिसेल. थोडं चढणं स्वाभाविक आहे. तो ५ च्या पुढे जाऊन राहत असेल तर नळी एक्झॉस्टला खेटून जातेय का, ते बघा.

तिसरी पायरी: दोष कार्बचा ठरला तर

आता झाकण उघडायचा हक्क तुम्हाला मिळाला. उघडण्याआधी पेट्रोलची नळी सोडा, म्हणजे राहिलेला दाब जाईल आणि पातळी मोजताना नवीन पेट्रोल आत येणार नाही. झाकण सरळ वर उचला. चेंबरचा तळ नीट पाहा. तांबूस पूड असेल तर टाकी गंजलेली आहे, आणि कितीही महाग नीडल बसवली तरी एखादा गंजाचा कण सीटवर बसून तिला उघडी ठेवेल. अशा वेळी आधी टाकी धुवायची आणि पंपाच्या आधी बारीक फिल्टर लावायचा. पंपानंतरच्या काचेच्या फिल्टरची मला धास्ती वाटते. दाबाखाली, गरम इंजिनवर, फुटणाऱ्या काचेत पेट्रोल ठेवायचं म्हणजे संकटाला आमंत्रण.

नीडलचं टोक उन्हात, भिंगाखाली पाहा. शंकूच्या उतारावर जिथे सीट टेकते, तिथे बारीक गोल रेघ पडलेली असते. रेघ नुसती चकचकीत असेल तर ठीक. नखाने चाचपल्यावर नख अडकलं, म्हणजे तिथे खाच पडली आहे, तर नीडल आणि सीट दोन्ही बदलायची. जुन्या सीटवर नवी नीडल घालण्याची काटकसर कधीच टिकत नाही, कारण दोघींची झीज एकमेकींच्या मापाने झालेली असते. नीडलच्या खालच्या बाजूला स्प्रिंगवर बसलेली पिन असेल, तर ती दाबली की मोकळी परत येते का, तेही पाहा.

पडताळणीसाठी झाकण उलटं धरा, म्हणजे नीडल आपल्या वजनाने बसेल, आणि पेट्रोल येणाऱ्या नळीला रबरी फुगा लावून हलकी हवा द्या. तोंडाने फुंकू नका. हवा सुटता कामा नये. नीडल ठीक बसतेय पण तरी हवा सुटते, तर सीटच्या आट्यांखाली वायसर नाही किंवा सैल आहे, पेट्रोल आट्यांतून वळसा घालतंय.

हा वायसर छोटा दिसतो, पण पातळी ठरवण्याचा कारभार त्याच्याच हातात असतो. सोलेक्समध्ये फ्लोटची दांडी वाकवून पातळी ठरवत नाहीत, सीटखालच्या वायसरच्या जाडीने ठरवतात. जाड वायसर घातला की सीट खाली येते, फ्लोट तिला लवकर बंद करतो, पातळी उतरते. पातळ वायसर घातला की उलट. किटमध्ये वेगवेगळ्या जाडीचे वायसर मिळतात, आणि घाईत हाताला लागेल तो लावला जातो. किट बदलल्यानंतर गाडी पूर्वीपेक्षा जास्त ओव्हर होण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच.

पातळी अशी मोजा. गाडी सपाट जागी उभी हवी, चेंबर पेट्रोलने भरलेला, फ्लोट जागेवर. चेंबरच्या वरच्या कडेपासून पेट्रोलच्या पृष्ठापर्यंतचं अंतर व्हर्नियरच्या खोली मोजणाऱ्या पट्टीने घ्या. भिंतीला लागून मोजू नका, तिथे पेट्रोल वर चढलेलं दिसतं. मिळालेला आकडा कार्बच्या अंगावर ठोकलेल्या क्रमांकाच्या मॅन्युअलशी ताडून पाहा. एकाच नावाच्या कार्बचे अनेक प्रकार आहेत, मित्राच्या गाडीचा आकडा उसना घेऊ नका.

फ्लोट कानाशी धरून हलवा. आत डुबुक आवाज आला तर तो गळका आहे आणि बुडणार. आवाज नसला तरी पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवून बघा, पाणी आधीच गरम केलेलं हवं, गॅसवर नव्हे. बारीक बुडबुडे निघाले की छिद्र सापडलं. पितळी फ्लोटला झाळ मारता येते, पण आतलं पेट्रोल काढल्याशिवाय नाही आणि ज्योतीवर अजिबात नाही. झाळेचं वजनही फ्लोटला खाली खेचतं. नवा मिळत असेल तर नवाच घ्या. शेवटी फ्लोटच्या कडेला घासल्याची खूण दिसतेय का, ते पाहा. वरच्या पॅकिंगचा आत आलेला काठ फ्लोटला अडवतो, हे मी एकाहून जास्त गाड्यांत पाहिलंय. कात्रीने दोन मिलिमीटर कापलं की काम झालं.

चौथी पायरी: दोष दाबाचा ठरला तर

जुन्या डायफ्राम पंपाचा दाब आतली स्प्रिंग ठरवते. पंप दुरुस्त करताना दुसऱ्याच गाडीची जाड स्प्रिंग घातली की दाब चढतो. दुसरं कारण पंपाखालचा बेकेलाइटचा स्पेसर आणि त्याची पॅकिंगं. स्पेसर गहाळ झाला किंवा पॅकिंग फारच पातळ लावलं तर पंपाची दांडी कॅमकडे जास्त सरकते, ठोका लांब होतो आणि स्प्रिंग जास्त दबते. एकेक जाड पॅकिंग वाढवत प्रत्येक वेळी घड्याळ पाहा. ३ च्या आसपास आलं की थांबा. फार जाड केलंत तर ठोकाच अपुरा पडेल.

इलेक्ट्रिक पंपाची गोष्ट निराळी. जुना पंप मिळत नाही म्हणून नवीन गाडीचा पंप लावणारे भेटतात. इंजेक्शनच्या गाड्यांचा पंप चाळीसेक पीएसआय देतो, त्यापुढे कोणतीही नीडल उभी राहत नाही. कार्बसाठीचा म्हणून विकला जाणारा छोटा चौकोनी पंपसुद्धा बऱ्याचदा ४ ते ७ पीएसआयचा असतो. घ्यायचा तर कमी दाबाचा घ्या, नाहीतर पुढे रेग्युलेटर लावा. रेग्युलेटरच्या चकतीवर छापलेले आकडे सजावट समजा, घड्याळ पाहूनच फिरवा. इलेक्ट्रिक पंपाला ऑइल प्रेशरच्या स्विचमधून किंवा इंजिन बंद पडलं की पुरवठा तोडणाऱ्या रिलेमधून वीज द्या. नाहीतर अपघातात इंजिन बंद पडलं तरी पंप पेट्रोल ओकत राहील.

एक गाडी मला अजून आठवते. चालताना कधीही ओव्हर होत नसे, पण दुपारी उन्हात उभी राहिली की संध्याकाळी बॉनेटखाली पेट्रोलचं थारोळं. घड्याळावर चालू इंजिनला ३, सगळं नीट. मग इंजिन बंद असताना घड्याळ तसंच ठेवलं आणि गाडी उन्हात सोडली. काटा हळूहळू चढत गेला. मालकाने टाकीचं झाकण फिरवलं, फुस्स करून हवा सुटली आणि काटा खाली आला. जुन्या झाकणाला हवेसाठी छिद्र होतं, ते हरवल्यावर घट्ट बंद होणारं दुसरं झाकण बसवलेलं. तापलेल्या टाकीतल्या वाफेने पेट्रोल पंपाच्या झडपा ओलांडून पुढे ढकललं जात होतं. उतारावर नाक खाली करून उभ्या केलेल्या गाडीतही असंच होतं, तिथे ढकलणारं ओझं टाकीतल्या पेट्रोलच्या उंचीचं असतं.

गरम झाल्यावरच होतं तेव्हा

एप्रिल-मेमध्ये कसारा किंवा खंबाटकी चढून वर चहाला थांबलात आणि दहा मिनिटांनी गाडी लागेना, तर दोन शक्यता. एक, बंद इंजिनच्या उष्णतेने चेंबरमधलं पेट्रोल उकळून मेन नळीतून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे कार्बपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेत, सांडलं. दोन, पंपात किंवा नळीत वाफ अडकली आणि पेट्रोल येतच नाही. दोन्हींची लक्षणं बाहेरून सारखी, उपाय उलटे. प्लग काढा. ओले असतील तर पहिली, कोरडे असतील तर दुसरी.

ओले असतील तर चोक आत ढकला, एक्सलरेटर पूर्ण दाबून धरा आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारा. पेडल पुन्हा पुन्हा मारू नका, प्रत्येक दाबाला एक्सलरेटर पंप आणखी पेट्रोल टाकतो. कायमचा उपाय म्हणजे कार्बखालचा जाड इन्सुलेटर शाबूत ठेवणं आणि नळी एक्झॉस्टपासून लांब नेणं. ओल्या कापडाने पंप थंड करण्याचा जुना नुस्खा वाफेच्या बाबतीत खरंच चालतो.

सीएनजीवरून परत आलेल्या गाड्या आणि नवीन पेट्रोल

टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षं सीएनजीवर फिरलेल्या पद्मिनी आता हौशी लोक पेट्रोलवर आणतात. अशा गाडीचा फ्लोट चेंबर बराच काळ कोरडाच राहिलेला असतो. डायफ्राम कडक, पॅकिंग आकसलेलं, नीडल वार्निशने, म्हणजे सुकलेल्या पेट्रोलच्या चिकट थराने, चिकटलेली. पेट्रोल लाइनमध्ये सीएनजी किटवाल्याने बसवलेली विजेवरची झडपही असते. ती गळकी असेल तर घड्याळ चकवेल, म्हणून चाचणीपूर्वी ती काढून थेट जोडणी करा.

आता पेट्रोल भरायच्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुन्या रबराला फुगवतं, मऊ करतं आणि टाकीतला वर्षांचा मळ सोडवून पुढे आणतं, ज्याचा शेवटचा मुक्काम नीडलची सीट. नळ्या बदलताना एसएई जे३० आर९ असं छापलेली नळी घ्या आणि रबरी टोकाची जुनी नीडल असेल तर ती बदलाच. महिनोन्महिने गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोल साठवून ठेवू नका. इथेनॉल हवेतली ओल धरतं आणि पाणी तळाशी बसतं.

शेवटची फेरी

सगळं जोडल्यावर घड्याळ लगेच काढू नका. ते बॉनेटखालीच ठेवा, काचेवर बांधून गाडीत नेऊ नका. आयडलिंगला दाब पाहा, तासभर गाडी चालवून आणा, बंद करा, पुन्हा टिकाव पाहा. मग नवा प्लग संच घालून ३०-४० किलोमीटर साध्या रस्त्याने जा आणि एक प्लग काढा. टोक फिकट तपकिरी हवं. काळं आणि सुकं असेल तर मिश्रण अजून रिच आहे, मग पातळी नाही, जेट तपासायचं. मेन जेट सैल राहिला असेल तर त्याच्या आट्यांतूनही पेट्रोल येतं. काळं आणि ओलं असेल तर दुसऱ्या पायरीवर परत.

दोनशे किलोमीटर झाले की पेट्रोलचा फिल्टर उघडून आत किती गाळ आला ते पाहा आणि प्रत्येक क्लिप पुन्हा आवळा. नवी नळी तापून बसते तेव्हा क्लिपा हमखास सैल होतात.